चिंधाभाऊचे एक्केचाळीस हुंकार

बाभळवाड्यात चिंधाभाऊला बोलताना ऐकलेली माणसं बोटावर मोजण्याइतकी. ऐकताना पाहिलेलं मात्र अख्खं गाव.

धरणगावपासून आठेक किलोमीटरवर, काळ्या रानात, कापसाच्या मधोमध हे गाव बसलंय. चिंधा तोताराम याच मातीतला, आज अडुसष्टीत. आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून तिसऱ्याला जन्मल्याजन्मल्या सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि मावशीनं एक फाटकी चिंधी देऊन त्याला "विकत" घेतलं. देवाला वाटावं, हा माल काही फार किमतीचा नाही. नाव पडलं चिंधा. "चिंधीवर उना नि चिंधीइतलंच बोलना," असं त्याची बायको सुंदरबाई चाळीस वर्षांपासून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, आणि ती हे सांगत असताना चिंधाभाऊ शेजारी बसून "हां" म्हणतो.

चार वर्षांचा होईपर्यंत त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. पोरगं मुकं निघालं म्हणून आई देवऋषी करून थकली. तेव्हा गावात अभिमननाना म्हणून गोष्टी सांगणारा एक म्हातारा होता. दुपारी लिंबाखाली दोर वळत वळत गोष्ट सांगायचा, आणि समोरच्यानं हुंकार द्यायचा, अशी आपल्याकडची रीत. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. भिंतीला कोण सांगत बसणार? तर एका वैशाखात, राजाचा घोडा नदीच्या मध्यात असताना, ऐकणारे सगळेच्या सगळे घोरायला लागले. नाना दोर गुंडाळून उठणार, तोच मागून बारीक आवाज आला, "हूं?" पुढे काय झालं, असं विचारणारा.

नानानं वळून पाहिलं. चिंधा. "आयकी ऱ्हायनं रे हाई पोऱ्या!" म्हणत नाना परत बसला, आणि घोडा नदीपार गेला.

तिथून पुढे नाना मरेपर्यंत त्याच्या प्रत्येक गोष्टीला चिंधाचा हुंकार होता. नाना गेल्यावर गोष्टी संपल्या, पण हुंकाराला तोवर नाव झालेलं. लग्नाची बैठक असो, भाऊबंदकीचा तिढा असो, कुणाच्या दारावर दुखवट्याला बसायचं असो, चिंधाभाऊ लागायचाच. त्यानं सल्ला द्यायचा नाही, बाजू घ्यायची नाही. समोरचा बोलतोय ते ऐकायचं आणि हुंकार द्यायचा, बस. पण त्या हुंकारात काय काय असायचं! सपाट "हां" म्हणजे पोचलं. लागोपाठ दोनदा आला की चाल पुढे, अडखळू नको. शेपटी लांबवून खाली सोडलेलं "बरंऽ" म्हणजे तू थाप मारतोयस हे मला कळलंय, पण तुझं चालू दे. आणि टोकाला वर उचललेला "हूंऽऽ?" आला की बैठकीतली माणसं सुपारी कातरायची थांबायची. एकदा मुलाकडच्या बन्सीलालनं सांगितलं, मुलगा सुरतेला कंपनीत आहे, मोठं काम आहे. चिंधाभाऊ म्हणाला, "हूंऽऽ?" मुलीच्या बापानं गुपचूप चौकशी केली. मुलगा कंपनीत होता खरा, पण गेटवर; आणि कंपनी दोन वर्षांपासून बंद होती.

पुढच्या एका बैठकीआधी दुसऱ्या एकानं, योग्य जागी "हां" म्हणा भाऊ, म्हणून नवं धोतर आणून दिलं. चिंधाभाऊ धोतर नेसून गेला आणि तीन तास तोंड मिटून बसला. ते लग्न तिथंच मोडलं. धोतर त्यानं दुसऱ्या दिवशी धुऊन परत केलं.

असा माणूस. आता कापूसकट्ट्याचं सांगतो.

धरणगावात बियाण्याच्या दुकानावरच्या मजल्यावर "कापूसवाट शेतकरी कंपनी"चं ऑफिस. मॅनेजर प्रेमराज, वय पस्तीस, पुण्याला शिकून आलेला. येताना एक लॅपटॉप आणि "कंटेंट" हा शब्द घेऊन आला होता. दोन्ही त्याच्या काखेत कायम. कंपनीची मृणाली दर आठवड्याला कपाशीचं माहितीपत्रक लिहायची. रोज जळगावहून एस्टीनं येणारी, शेतकीची पदवी घेतलेली, वावरात उतरून पानं उलटी करून बघणारी पोरगी. पण तिचं पत्रक कुणी वाचायचं नाही; लोक त्यात भजी बांधायचे. मग प्रेमराजला एक सॉफ्टवेअर सापडलं. त्यात पत्रकाचा एकेक तुकडा टाकायचा, की पाच मिनिटांत दोन माणसं त्यावर गप्पा मारताना ऐकू येतात. एक समीर, एक अनघा. दोघंही जन्माला न आलेले. प्रेमराजनं नाव ठेवलं "कापूसकट्टा", आणि रोज सकाळी सातला दहा मिनिटांच्या गप्पा गावोगावच्या ग्रुपवर पडायला लागल्या.

बाभळवाड्यात त्या ऐकल्या जायच्या छगनच्या ओट्यावर. छगन म्हणजे चिंधाभाऊचा शेजारी, चार एकर कपाशीचा मालक, आणि तोंडानं असा की त्याची चहाची कपबशीसुद्धा त्याला भिऊन असायची.

"नमस्कार मित्रांनो!" मोबाईलमधला समीर म्हणायचा. "आज आपण बोलणार आहोत एका भन्नाट विषयावर!"

"अगदी!" अनघा म्हणायची. "आणि तो विषय म्हणजे?"

"गुलाबी बोंडअळी!"

"वा! कमाल! मला तर ऐकूनच इतकी उत्सुकता वाटतेय ना!"

छगन कपाळावर हात मारायचा. "आयकं का? गया साल आमनं बोंड किडी गयं नि हाई बाईले उत्सुकता वाटी ऱ्हायनी!"

"म्हणजे बघ ना," समीर म्हणायचा, "हे खरंच खूप इंटरेस्टिंग आहे. चला तर मग, थोडं खोलात जाऊया."

"हीरमा पानी नही, भो. तू कोठे खोल जास?"

"अगदी, अगदी! आणि इथेच तर खरी गंमत आहे!"

"दख, तिले गंमत बी सापडनी!"

ओटा हसून हसून लोळायचा. तीन आठवडे लोकांनी करमणूक म्हणून ऐकलं. अनघा दहा मिनिटांत "अगदी" किती वेळा म्हणते, यावर छगनच्या ओट्यावर चहाच्या पैजा लागायला लागल्या. एकदा चौतीस झाले. कपाशीचं काय सांगितलं ते कुणालाच आठवायचं नाही. चौथ्या आठवड्यात पैजाही थंडावल्या.

मग मृणाली गावात आली, लोक ऐकत का नाहीत ते विचारायला. छगन म्हणाला, "आमले काय इचारतस ताई? आयकाना धंदा ज्याना शे त्याले इचारा." आणि त्यानं शेजारच्या ओट्यावर मुगाच्या शेंगा सोलत बसलेल्या चिंधाभाऊकडे बोट केलं.

चिंधाभाऊनं शेंगा बाजूला ठेवल्या. घसा साफ केला. म्हणाला, "तो भाऊ बोलस ते ठीक शे. बाई आयकत नही."

"म्हणजे कसं, चिंधा बाबा?"

"तो सांगस, कपाशीन्या कळ्या, पाते, गळी ऱ्हायनात. ती म्हनस, वा. पाते गळनात त वा कशी म्हनशी? आनि त्यानी बात पुरी व्हवाना आगोदर 'अगदी' म्हनस. आयकनारा मानूस आसा ऱ्हात नही, बेटा. आयकनारा घडीभर थांबस. बात मनमा उतरू देस, मंग हूं म्हनस. कधी कधी म्हनतबी नही. हाई बाई दहा मिन्टमा एकदाबी गप बठनी नही. तिले बात आयकानी नही शे, तिले नुसतं 'मी शे, मी शे' सांगानं शे."

एवढं सलग चिंधाभाऊ कोकिळाच्या, म्हणजे त्याच्या मुलीच्या, लग्नातही बोलला नव्हता. सुंदरबाई घरातून हात पुसत बाहेर आली आणि ताप बघायला तिनं त्याच्या कपाळाला हात लावला.

मृणालीनं हे सगळं ऑफिसात जाऊन सांगितलं. प्रेमराज खुर्चीतून उठला. "हेच! लोकल टच! अनघाला काढू. समीर बोलेल आणि चिंधाकाका हुंकार देतील. रेकॉर्ड करून घे त्यांना!"

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या स्कूटीवर मागं एका अंगानं बसून, टोपी मुठीत धरून, चिंधाभाऊ धरणगावला आला. आवाज येऊ नये म्हणून खिडक्यांना गाद्या लावलेल्या छोट्या खोलीत त्याला बसवलं. समोर माईक.

"बाबा, म्हणा हूं."

चिंधाभाऊनं माईककडे पाहिलं, मग तिच्याकडे. "कसाना हूं?"

"कसलाही चालेल."

"कसलाबी हूं ऱ्हात नही, बेटा. तू काहीतरी सांग, मंग मी हूं देसू."

मृणाली काय सांगणार? सकाळचंच सांगायला लागली. एस्टी पाळधीच्या पुढे बंद पडली. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, पाच मिनिटांत चालू करतो.

"हूंऽऽ?"

"हो ना! पाऊण तास!" ती हसली आणि पुढे सांगू लागली. तिचे वडील बुद्धभूषण गुरुजी, शाळेतून रिटायर झालेले, दर वर्षी तिला स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरायला लावतात आणि दर वर्षी सांगतात, हे शेवटचं, पुढच्या वर्षी म्हणणार नाही.

"बरंऽ."

मग मावशीनं आणलेलं नाशिकचं स्थळ निघालं, मुलगा म्हणे फार शांत स्वभावाचा. त्याला तर असा काही हुंकार आला की मृणालीला हसू आवरेना. मग मैत्रीण रुसली ते, मग स्कूटी चिखलात फसली ते. पोरगी सांगत गेली, म्हातारा ऐकत गेला, माईक दोघांचंही भरत गेला. दोन तास कसे गेले कळलं नाही. शेवटी ती जरा थांबली आणि हळूच म्हणाली, "खरं सांगू बाबा, मला परीक्षा द्यायचीच नाही. मला हेच आवडतं. वावरात फिरणं. आईला पण अजून सांगितलं नाहीये."

चिंधाभाऊ घडीभर थांबला. मग म्हणाला, "हां."

बाकी सगळं कापून एक्केचाळीस हुंकार निघाले. मृणालीनं प्रत्येकाला नाव दिलं: आनंदी, संशयी, आश्वासक. "सर, पण कुठला हुंकार कुठं टाकायचा, ते आपण—"

"सॉफ्टवेअर ठरवेल," प्रेमराज म्हणाला. "दर पंधरा सेकंदांनी एक."

सोमवारी सातला कापूसकट्टा वाजला आणि छगनच्या ओट्यावरची माणसं उभी राहिली. "चिंधाभाऊ शे! आपला चिंधाभाऊ!" बैठकी करून करून तीस गावांत तो आवाज ओळखीचा होता. धरणगाव, एरंडोलपासून पार धुळ्याच्या बाजूपर्यंत, जिथं जिथं त्यानं कुणाची सोयरीक ऐकली होती, तिथं तिथं लोकांनी मोबाईलचा आवाज वाढवला. आता करमणूक नव्हती. आता कान होते.

समीर म्हणाला, "मित्रांनो, एकरी दोन कामगंध सापळे लावा. यात बोंडअळीचे नर पतंग अडकतात आणि अळी किती आलीय ते आपल्याला आधीच कळतं."

"हूंऽऽ?" चिंधाभाऊ म्हणाला.

ओटा गार. छगननं तो भाग तीनदा मागं घेऊन ऐकला. तीनदा तोच हूं, टोकाला वर उचललेला.

"चिंधाभाऊले पटनं नही," छगन म्हणाला आणि उठला.

दुपारपर्यंत बाभळवाड्याच्या शिवारातले कंपनीनं वाटलेले सगळे सापळे उतरले. खालच्या प्लास्टिकच्या पिशव्या गोठ्यात टांगल्या गेल्या, आणि वरचं पिवळं नरसाळं बायांना बरं सापडलं. तेल ओतायला असं नरसाळं बाजारात मिळत नव्हतं. सुंदरबाईनंही छगनच्या बायकोकडून एक मागून आणलं. नवऱ्याला विचारायचं कारणच नव्हतं. त्याचा हूं अख्ख्या तालुक्यानं ऐकला होता.

पुढं समीर म्हणाला होता, "कंपनी सदैव तुमच्या पाठीशी आहे." त्यावर चिंधाभाऊ म्हणाला होता, "बरंऽ." ही फीत तर लोकांनी पाहुण्यारावळ्यांना पाठवली.

एवढं सगळं होऊन ज्याचा हूं त्यालाच पत्ता नव्हता. त्याच्याकडे बटणांचा फोन. त्यात ग्रुप नाही, कट्टा नाही. आठव्या दिवशी धुळ्याकडच्या सासरहून कोकिळाचा फोन आला. "बाबा, तुमना हूं वरथाईन सासरासनी फवारनी थांबाडी दिन्ही. करानी का नही करानी ते तोंडवर सांगा ना! हूं काय म्हनतस!"

"कोनता हूं?" चिंधाभाऊनं विचारलं.

तो छगनच्या ओट्यावर गेला आणि पहिल्यांदा कट्टा ऐकला. मान खाली घालून, पूर्ण. मग म्हणाला, "हाई हूं एस्टीना शे."

"कसानी एस्टी?"

"मृणालीनी एस्टी बंद पडनी. डायवर म्हने पाच मिन्टमा चालू करस. त्याले मी हूं म्हनं. सापळासले नही म्हनं. नि हाई 'बरं' तिना बापले शे."

लोक हसले. छगन हसला नाही. त्याच्या डोक्यात दुसरंच फिरत होतं. "पन आवाज त तुमनाच ना, चिंधाभाऊ?"

"आवाज मना. हूं एस्टीना."

"मंग आते तुमी आमले जे म्हनी ऱ्हायनात, ते कसानं शे, आमले कसं समजी?"

चिंधाभाऊनं नुसतं सांगितलं, सापळे परत लावा. लोकांनी माना हलवल्या, पण कुणी उठलं नाही. एकीकडे मोबाईलातला चिंधाभाऊ, दुसरीकडे ओट्यावरचा. कोण खरा, हे ठरेपर्यंत जैसे थे.

त्याच आठवड्यात खालच्या आळीला लग्नाची बैठक होती. मुलाचे गुण सांगणं चाललेलं. चिंधाभाऊनं मध्येच एक "हां" दिला, तर मुलीचा मामा म्हणाला, "भाऊ, हाई आठला, बैठकना शे का एस्टीना?" बैठक खदखदून हसली. चिंधाभाऊनं चहाचा कप खाली ठेवला, चपला पायात घातल्या आणि बैठक अर्धी सोडून निघाला. असं जन्मात झालं नव्हतं.

घरी न जाता तो वावरात गेला. कपाशी फुलावर होती. चार ओळी चालला आणि त्याला पहिली डोमकळी दिसली. पाकळ्या उघडलेल्या नाहीत, गुलाबाच्या कळीसारखं गुरफटलेलं फूल. उकललं, तर आत अळी. पुढच्या ओळीत आणखी दोन. बांधापलीकडे छगनच्या वावरातही तेच, आणि सापळ्याच्या काठीवर सापळ्याऐवजी कावळा. नेमानं मोजदाद असती तर अळी आल्याचं आठ दिवसांपूर्वी कळलं असतं. अख्खं शिवार त्याच्या एका हूं वर झोपलं होतं, आणि तो हूं त्यानं एस्टीच्या ड्रायव्हरला दिलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तो प्रेमराजच्या टेबलासमोर उभा होता. मृणालीनं खुर्ची दिली. तो बसला. म्हणाला, "मना एक्केचाळीस हूं परत दे," आणि तोंड मिटलं.

"काका, काका," प्रेमराज हसला, "टेक्निकल मुद्दा समजून घ्या. ऐकणारे पाचपट झालेत!"

चिंधाभाऊ त्याच्याकडे बघत राहिला. हुंकार नाही.

आता आपल्या मुलखात वाढलेल्या माणसापुढे असा गप बसलेला श्रोता म्हणजे काय संकट असतं, ते बाहेरच्याला कळायचं नाही. प्रेमराज पुण्याला शिकला असला तरी वाढला इथंच.

"पाचपट म्हणजे... साधारण चौपट."

गप.

"म्हणजे पहिल्या दिवशी चौपट. आता तसं... काय ना... तिप्पट धरा."

गप. प्रेमराज पाणी प्यायला.

"आणि सापळे काढा असं आम्ही कुठं सांगितलं? म्हणजे सांगितलं नाही, पण... म्हणजे बघा ना... हुंकार कुठं पडावा हे सॉफ्टवेअर ठरवतं, त्यात आपण तसं... म्हणजे अगदी... म्हणजे हो, आपण बघायला पाहिजे होतं, पण रोजची दहा मिनिटं, इतकं काम, माणूस कुठं कुठं..."

गप.

"मी ऐकलंच नाही," प्रेमराज म्हणाला. "एकही एपिसोड. खरं सांगतो. एकही पूर्ण ऐकला नाही."

"हां," चिंधाभाऊ म्हणाला.

प्रेमराजनं सुटल्यासारखा श्वास टाकला. मृणाली लॅपटॉपच्या आड तोंड लपवून हसत होती.

मग पुसणं सुरू झालं. चिंधाभाऊची अट अशी, की प्रत्येक हूं आधी वाजवायचा आणि मग पुसायचा. मृणाली वाजवायची, तो सांगायचा. "एस्टी. पूस. बाप. पूस. मावशीना नाशिकवाला. पूस." चाळीस झाले. एक्केचाळिसावा वाजला. थोडी शांतता आणि मग नुसतं, "हां."

"हाऊ तुना शे," चिंधाभाऊ म्हणाला. "तू ठेव."

तिनं तो आपल्या मोबाईलमध्ये घेतला.

पण हूं पुसून गावातला घोळ कसा पुसणार? लोकांनी ऐकलं ते ऐकलं. तेव्हा त्याच दुपारी चिंधाभाऊनं मृणालीला गावात आणलं, वावर दाखवलं आणि मारुतीच्या ओट्यावर बसवलं. प्रेमराज गाडी घेऊन मागं आला. गाव जमलं, छगन पुढे मांडी घालून, हातात मोबाईल, रेकॉर्डिंग चालू.

"सांग," चिंधाभाऊ तिच्या पुढ्यात बसत म्हणाला. "कागद नको. मले सांग."

समीरसारखं तिला येत नव्हतं. अडखळली. "म्हणजे... बाबा, असं आहे... मी आत्ता तुमच्या वावरात जाऊन आले. छगनदादांच्या पण. डोमकळ्या दिसताहेत."

चिंधाभाऊ थांबला. "हां."

"त्या आधी... तोडून घ्यायच्या. आणि जाळायच्या, बांधावर टाकायच्या नाहीत."

"हां हां."

"आणि सापळे... सापळ्यानं अळी मरते असं नाही. पतंग किती येतात ते कळतं. त्यावरून फवारायचं की नाही ते ठरवायचं. उगाच फवारणी नको, आणि उशिरा पण नको."

सगळे म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत होते. त्यानं ते मनात उतरू दिलं. दोन श्वास. तीन. मागं कुणीतरी खोकलं.

"हां," चिंधाभाऊ म्हणाला. सपाट, जड, पोचल्याचा.

छगननं मान हलवली. गर्दीतून सुस्कारा गेला.

"आणि सापळ्यातल्या, पतंग ओढणाऱ्या वासाच्या गोळ्या जुन्या झाल्यात," मृणालीला हुरूप आला, "तर नव्या गोळ्या कंपनी उद्याच तुम्हाला घरपोच देईल."

"हूंऽऽ?"

गाव फुटलं. बाया पदरात हसायला लागल्या. मृणालीनं प्रेमराजकडे पाहिलं. प्रेमराजनं दोन बोटं दाखवली.

"म्हणजे... परवा."

"हूंऽ?"

प्रेमराजनं डोकं खाजवलं आणि चार बोटं दाखवली.

"शुक्रवारी," मृणाली म्हणाली. "शुक्रवारी दुपारी, इथंच, मी स्वतः घेऊन येते."

"हां."

ही बारा मिनिटं जशीच्या तशी सगळ्या ग्रुपवर गेली. अडखळणं, खोकला, हशा आणि मध्येच ओरडलेल्या म्हशीसकट. कोकिळानं धुळ्याकडून फोन केला की सासरा वावरात गेला. बाभळवाड्यात संध्याकाळपर्यंत घराघरांतून तेलकट नरसाळी बाहेर निघाली. राखेनं घासून, उन्हात वाळवून, काठ्यांवर परत चढली. छगननं आपली डोमकळ्यांची टोपली भरून आणली आणि बांधाबाहेर पेटवताना म्हणाला, "त्या अनघाले आयकाले पाहिजे व्हतं. वा म्हनती, कमाल म्हनती!"

गोळ्या गुरुवारीच आल्या. प्रेमराजनं शुक्रवारची वाट पाहायची हिंमत केली नाही.

त्या संध्याकाळी चिंधाभाऊ ओट्यावर मुगाच्या शेंगा घेऊन बसला होता. सुंदरबाई चुलीपाशी भाकरी थापत आतून बोलत होती. छगनच्या बायकोनं नरसाळं परत मागताना कसं तोंड केलं, आपली कढई तिच्याकडे पोळ्यापासून पडलीय हे ती कसं विसरलीय, आणि माठात पानी नही, हापशीवर गर्दी होवाना आगोदर कोनी जाई का.

"हां," चिंधाभाऊ म्हणाला.

भाकरी थापायचा आवाज थांबला. सुंदरबाई दारात आली, पिठाचे हात कमरेवर ठेवून. "हाई ताजं शे का मोबाईलमा भरेल?"

चिंधाभाऊनं शेंगांचं सूप खाली ठेवलं, कोपऱ्यातली कळशी उचलली आणि हापशीकडे चालायला लागला.